दुसरी वेलांटी

१४ मार्च, मंगळवार, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं

दादा,

बस स्टँडच्या पाटीला पांढऱ्याचा पहिला हात देऊन आत्ताच खाली उतरलोय. तो वाळायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात हे पत्र लिहून होईल. शिडीच्या खालच्या पायरीवर बसलोय, मांडीवर रंगांचं कॅटलॉग आणि त्यावर कागद. अक्षर हललं असेल तर शिडीला दोष दे.

या पाटीला मी आठ वर्षांत चौथ्यांदा रंग देतोय. पहिल्यांदा जुनं नाव खरवडून देशाला दिलेलं पूर्वजांचं नाव लिहिलं. मग नाव ठरवणाऱ्या समितीला ते पुरेसं जुनं वाटेना, म्हणून शेवटी एक अक्षर वाढवलं. मग तुमच्या बाजूने तेच नाव दुसऱ्या वेलांटीने लिहायला सुरुवात केली, तेव्हा इकडे आदेश निघाला की आपली वेलांटी पहिली आहे हे लांबूनही दिसलं पाहिजे, म्हणून ती तेवढी लाल केली. आता लाल उन्हाने उडाला. उडालेली वेलांटी म्हणजे राष्ट्राचा अपमान, म्हणून परत शिडी. मालक खूश आहेत. काल म्हणाले, "पूर्वज असावेत तर असे. स्वतः मेले, पण आपलं दुकान चालवतात."

मुद्द्यावर येतो. मे महिन्याच्या एक ते आठ तारखेला सरहद्दीच्या नदीवरचा पूल उघडणार आहे. पायीच जायचं, आणि फक्त रक्ताच्या नातेवाइकांनी. मागे सहा वर्षांपूर्वी उघडला तेव्हा आई टायफॉइडने पडली होती. पुढे कधी उघडेल ते कुणीच सांगत नाही. आईचा गुडघा तू पाहिलेला नाहीस. पुलाएवढं अंतर आज ती थांबत थांबत चालू शकते, पुढच्या खेपेला चालू शकणार नाही. हे डॉक्टर म्हणाले, मी वाढवून सांगत नाही. तुझी मुलगी पाच महिन्यांची झाली. तिचा फोटो आईने कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलाय. दिवसातून किती वेळा कपाट उघडते आणि कपडे न काढताच बंद करते, ते मी मोजत नाही.

काल परवानगीच्या खिडकीवर गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे तुझ्या डोक्यात शिरेल.

"अर्जदार बाईंचं आडनाव?"

मी सांगितलं.

"ज्या मुलाकडे जायचंय त्याचं?"

मी तेच परत सांगितलं.

"लिहून दाखवा."

मी लिहून दाखवलं. तुझ्या सगळ्या कागदांवर असतं तसं, दुसऱ्या वेलांटीने.

बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. "मग हा यांचा मुलगा नाही."

"बाई, आम्ही एकाच आईची दोन मुलं."

"एका आईच्या घरात दोन आडनावं कशी?"

"एकच आहे हो. फक्त वेलांटीचा फरक आहे."

"फक्त?" बाई म्हणाल्या. "अहो, तेवढ्यासाठी पूल बंद केला की!"

मी तुझा जन्मदाखला पुढे सरकवला. त्यावर आपलं मूळ आडनाव आहे, कल्हईवाले. बाई म्हणाल्या की सगळ्यांना राष्ट्राचंच नाव आडनाव म्हणून लावल्यापासून ते रद्द नावांत गेलं, आणि रद्द झालेल्या आडनावाला मुलगा लावता येत नाही. मागे रांगेतला एक जण हसला.

बाई वाईट नाहीत. शेवटी त्यांनीच वाट सांगितली. तिकडच्या कचेरीचा शिक्का घेऊन तू एका ओळीचं पत्र पाठवायचंस: "ही माझी आई आहे." वर आईचं नाव पहिल्या वेलांटीने, खाली तुझं दुसऱ्या. दोन्ही एकाच कागदावर आली की ते नातं धरतात. वीस एप्रिलच्या आत पोहोचायला हवं. एक ओळ आहे, दादा. तू लेख लिहितोस, तुला ती जड जाऊ नये.

पाकिटावर तुझ्या आडनावाला मी दोन्ही वेलांट्या दिल्यात. फक्त पहिली दिली तर तुमचं पोस्ट परत पाठवतं, फक्त दुसरी दिली तर आमचं पोस्ट घेतच नाही. अक्षर दोन भिंतींत चेपल्यासारखं दिसतं, पण पोहोचतं.

मधे हे उघडून वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. मागच्या वेळी परत चिकटवताना डिंक फार लावला होता, दुसरं पान फाटलं.

तुझा
धाकटा

३० मार्च, गुरुवार, दुपारच्या सुट्टीत

दादा,

तुझं उत्तर आलं. सहा पानं. रात्री जेवणं झाल्यावर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. पहिल्या पानावर पूर्वजांच्या नावाचा शिलालेख कुठे सापडला. दुसऱ्या पानावर त्याची लिपी. तिसऱ्या आणि चौथ्या पानावर इतर विद्वान कसे चुकले. 'प्रतिपादन' हा शब्द पाच वेळा आला, तो मी मालकांना विचारला, त्यांनाही माहीत नव्हता. पाचव्या पानाच्या मध्यावर आईने मला थांबवलं.

"मी यायचं की नाही, ते कितव्या पानावर आहे?"

मी सहाव्या पानाचं शेवटचं वाक्य वाचलं: "आईच्या प्रकृतीची काळजी घे."

"बरं," आई म्हणाली, आणि भांडी आवरायला उठली.

म्हणून आता मीच तुला शिलालेखाबद्दल सांगतो, कारण तू सहा पानांत एक गोष्ट लिहिली नाहीस. तो दगड मी शाळेच्या सहलीत पाहिलाय, पूल उघडा होता तेव्हा. तू आता त्याच्याच शेजारी उभा राहून लोकांना माहिती देतोस. ज्या अक्षराला वेलांटी हवी, नेमका तिथेच तो फुटलाय. डावीकडेही फुटलाय आणि उजवीकडेही फुटलाय. पहिली असती तर डावीकडे असती, दुसरी असती तर उजवीकडे. दोन्हीकडे खड्डा आहे. तुमचे विद्वान म्हणतात उजवा खड्डा जास्त खोल आहे, आमचे म्हणतात डावा जास्त रुंद आहे. दोन देशांची पाठ्यपुस्तकं त्या खड्ड्यांवर छापली जातात. मला विचारशील तर त्या पाथरवटाचाच हात घसरला असेल, आणि मालक ओरडतील म्हणून त्याने दोन्हीकडून ठोकून ठेवलं असेल. आमच्या धंद्यात असं करतात.

आता तुझ्या लेखाबद्दल. तो इकडे आलाय. समितीच्या सरांनी त्याचं कात्रण चौकातल्या फलकावर लावलं आणि खाली लाल शाईने लिहिलं, "लेखक याच गावचा." तू लिहिलंयस की नदीच्या अलीकडचे लोक, म्हणजे आम्ही, मागाहून आलेले आहोत आणि आम्ही हे नाव चोरलं. मी ते वाक्य चार वेळा वाचलं, कारण मला वाटलं माझी वाचण्यात चूक होतेय.

दादा, मागाहून आलेले म्हणजे कोण? आपण दोघं एकाच खोलीत, एकाच खाटेवर जन्मलो. मी तुझ्यानंतर चार वर्षांनी आलो, तेवढा मागाहून आलेला मी आहे, कबूल. पण आईचं काय? तिच्यामागून तर तूही आलास.

भाजीवाला आईला म्हणाला, "मावशी, तुमच्या मुलाने आपल्याला चोर केलं. आता वजनात मारलं तरी बोलायचं नाही हां."

आई म्हणाली, "तू आधीपासून मारतोस. त्याला लेख कशाला लागतो?"

लोक हसले. ती घरी आली तेव्हा मात्र कांदे घ्यायचेच विसरली होती.

तुला माहीत आहे ती काय म्हणते. म्हणते, मी या घरात आले तेव्हा तुमचे आजोबा दारोदार हिंडून भांड्यांना कल्हई लावायचे, आणि त्यांना त्यांच्या आजोबांच्या पलीकडचं नाव ठाऊक नव्हतं. मग एकदम दोन हजार वर्षांचे राजे कुठून निघाले? मी तिला म्हणालो, हळू बोल, भिंत पातळ आहे. ती म्हणाली, शेजारी पण कल्हईवालेच होते.

मी रागाने लिहितोय असं वाटेल. हो, रागानेच लिहितोय. मी नववीत शाळा सोडली, कारण त्या वर्षी एकाचीच फी भरणं होत होतं आणि तू हुशार होतास. हे मी लिहिणार नव्हतो. लिहिलं गेलं, आता खोडलं तर पान घाण दिसेल.

एक ओळ पाठव. वीस एप्रिल.

धाकटा

ता. क. वहिनीला सांग, आईला वाटतंय तिने विणलेलं टोपडं मोठं झालंय. बाळाच्या डोक्याचं माप कळव. हे तरी कळव.

१३ एप्रिल, गुरुवार, पहाटे, चूल पेटायच्या आधी

दादा,

तुझं काहीच आलं नाही. दरम्यान इथे एक भानगड झाली. तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून जाईल, म्हणून मीच सांगतो.

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी खिडकीवरच्या अर्जाच्या तीन प्रती केल्या. प्रत्येक प्रतीत तुझं नाव चार ठिकाणी, दुसऱ्या वेलांटीने. बाईंनी बजावलं होतं की एकही चुकली तर अर्ज बाद. मी जीव मुठीत धरून लिहिलं. तिथून तसाच शाळेच्या नव्या पाटीवर गेलो. शाळेला राष्ट्राचं नाव दिलंय, ते मोठ्या अक्षरात. हाताला सकाळची सवय राहिली होती. मी दुसरी वेलांटी काढली. नुसती काढली नाही, तिला छान गोलाई दिली, वर सावली दिली, आणि घरी येऊन जेवलो.

माझ्या हातून अकरा वर्षांत पाटीवर एकही चूक झाली नव्हती. ज्याची चूक त्याच्या पगारातून पत्रा, असा मालकांचा नियम आहे, त्यामुळे मी लिहिण्याआधी प्रत्येक शब्द खडूने मांडून बघतो. हा शब्द मांडला नाही. आपलंच आडनाव, ते काय मांडायचं?

दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरं रोज तिच्याखालून जात होती, मुख्याध्यापक जात होते. तिसऱ्या दिवशी समितीचे सर तिथून गेले. ते थेट दुकानात आले, मागून सात-आठ माणसं.

"हा हात कुणाचा?"

"माझा, सर."

"हात तुझा, पण वेलांटी भावाची!"

मालक रंग ढवळत होते. म्हणाले, "सर, पोरगं सकाळपासून उपाशी होतं. उपाशी माणसाच्या हातून वेलांटी लांबतेच."

"विनोद नको. हे सहज झालेलं नाही." सरांनी मला रस्त्यावर नेलं, पाटीखाली उभं केलं. "वाच, काय लिहिलंयस ते."

मी वाचलं.

"आता जे लिहायला हवं होतं, ते वाच."

मी परत वाचलं. दादा, तूच सांग, मी काय वेगळं वाचणार होतो? तोंडातून तेच निघालं. आपल्या बोलण्यात पहिली कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कुणाला कधी कळलंय? पण सरांनी लोकांकडे वळून विचारलं, "ऐकलात फरक?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारा तर म्हणाला, "पहिल्या वेळी परकेपणा होता हो."

मग सरांनी स्वतः ते नाव दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा जरा जोरात म्हणाले, एवढंच.

मी माफी मागितली. लेखी. तिच्यातही ते नाव तीनदा लिहावं लागलं, आणि सर माझ्या बोटांकडे बघत उभे होते. पाटी मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केली. बाकी सगळं ठीक आहे.

आज तेरा तारीख आहे.

धाकटा

१८ एप्रिल

दादा, आज खिडकीवरच्या बाईंनी स्वतःहून विचारलं, "आलं का हो पत्र?" मी म्हणालो, पोस्ट उशीर करतंय. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, पण मला बसायला स्टूल दिलं. परक्या बाईने मला स्टूल द्यावं अशी माझी अवस्था झालीय. दोन दिवस राहिलेत.

२२ एप्रिल, शनिवार

दादा,

वीस तारखेला तुझं पाकीट आलं. जाड होतं. मी खिडकीपर्यंत पळत गेलो आणि तिथेच, बाईंसमोर, उघडलं. त्यामुळे त्यात काय आहे ते मला आणि बाईंना एकाच वेळी कळलं.

जूनमध्ये तुझी नोकरी कायम व्हायची आहे, तू लिहिलंस. अशा वेळी पहिल्या वेलांटीच्या बाईला आई म्हणून सहीशिक्क्याने लिहून देणं म्हणजे स्वतःचा लेख स्वतः खोडणं, तू लिहिलंस. वरचे लोक नीट नजर ठेवून आहेत. ते मी समजू शकतो. माझ्यावरही ठेवून आहेत. पण त्याखाली तू जो दुसरा छापील कागद जोडलास, तो मी आधी उलटा धरून पाहिला, वाटलं चुकून आला असेल.

"घरकामासाठी बाई. मुदत आठ दिवस. मालकाचं नाव. कामाचं स्वरूप: मूल सांभाळणं. मालकाशी नातं: नाही."

वर पेन्सिलीने तुझ्या अक्षरात: "कामाला येणाऱ्यांना रक्ताच्या नात्याची अट नाही, आडनावही जुळावं लागत नाही. हाच व्यवहार्य मार्ग."

बाईंनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि खिडकीची फळी अर्धी खाली ओढली, म्हणजे मागच्या रांगेला माझं तोंड दिसू नये.

मी तो आईला दाखवणार नव्हतो. पोळ्यांच्या डब्याखाली ठेवला. तिने अर्थातच तो काढला. ती वाचू शकत नाही, पण शिक्का कुठला आणि सही तुझी, एवढं तिला ओळखता येतं.

"हे काय आहे?"

"काही नाही. जाहिरात."

"जाहिरातीवर त्याची सही असते होय?"

मग सांगावं लागलं. सांगताना मी 'घरकामासाठी बाई' याऐवजी 'मदतनीस' म्हणालो. ती म्हणाली, नीट वाच. मी नीट वाचलं. 'नातं: नाही' पण वाचलं. मी तुला जे जे म्हणायचं ते सगळं तिच्यासमोर म्हणालो, ते इथे लिहीत नाही, मधले साहेब वाचतील.

आई बराच वेळ गुडघा चोळत बसली. मग म्हणाली, "म्हणजे बाळाजवळ दिवसभर बसायचं?"

"आई, तो तुला मोलकरीण म्हणून बोलावतोय. तुझा मुलगा."

"ऐकलं मी. बाळाजवळ बसायचं की नाही, ते सांग."

"हो, पण—"

"मग तुम्हां दोघांना पाळण्यात घातलं ते मी कुठल्या कागदावर करत होते?"

"ते वेगळं. तिथे पुलावर तुला तोंडाने सांगावं लागेल, नातं नाही म्हणून. सगळ्यांसमोर."

"लेखात त्यानेही सांगितलंच की सगळ्यांसमोर. मेले का मी?" मग म्हणाली, "तुझं म्हणणं बरोबर आहे रे. पण तुझं बरोबर असणं घेऊन मी काय करू? ते कडेवर घेता येतं का?"

मी म्हणालो, मी अर्ज भरणार नाही. ती म्हणाली, मग शेजारच्या पोरीकडून भरून घेते, ती चुका करेल. तुला माहीत आहे तिला मला कुठे पकडायचं ते कळतं. मी अर्ज भरला. 'मोलकरीण' लिहिताना 'ल'वर शाई सांडली, म्हणून नवा कागद आणून परत लिहावा लागला. तो शब्द मी दोनदा लिहिला, दादा. दोन्ही वेळा शुद्ध.

मी तुला हे सांगणार नव्हतो की शाळेच्या पाटीनंतर मला सरकारी पाट्या बंद आहेत. बादल्यांवर नंबर आणि दुकानांच्या शटरवर 'गाडी लावू नये' एवढंच लिहितो, अर्ध्या पगारावर. मालक म्हणतात, जूनपर्यंत सर विसरतील. जूनमध्ये सगळ्यांचंच भलं होणार दिसतंय.

एक तारखेला सकाळी आठला तिला पुलाच्या तोंडाशी आणतो. कागदावर लिहिलंय की बाईला घ्यायला मालकाने स्वतः यायचं. स्वतः ये. कुणाला पाठवू नकोस.

१ मे, सोमवार, दुपारी

दादा,

उद्या आमच्या दुकानाच्या मालकांची मेहुणी पूल ओलांडतेय, तिच्या पिशवीतून हे पाठवतोय. तुझ्या हातात पडेल तेव्हा आई तिथेच असेल. तिच्यासमोर मोठ्याने वाचू नकोस.

सकाळी इकडच्या टेबलावर दोन शिपाई आणि एक साहेब होते. साहेब तरुण होता, माझ्याएवढाच. आईचा कागद बघून त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"या वयात कामाला?"

"वय झालं म्हणून पोट थांबतं का?" आई म्हणाली.

"मालकाशी नातं?"

हे येणार हे मला माहीत होतं. आई म्हणाली, "ते मालकांना विचारा, बाबा. मी कामाला चाललेय, मला कामाचं तेवढं माहीत."

साहेबाने पेन कागदावर धरून ठेवलं. मग रकाना तसाच रिकामा सोडून शिक्का मारला. मला त्या माणसाचं नाव विचारायचं होतं, पण मी कुणाला नाव विचारायच्या परिस्थितीत नाही.

पुलाच्या मध्यावर पांढरा पट्टा आहे, तिथपर्यंत मला जाऊ दिलं. आई चार वेळा थांबली. तिने बॅग मला धरू दिली नाही. म्हणाली, मोलकरणीची बॅग कोणी उचलतं का, संशय येईल. पट्ट्यापाशी तिने मला घरी काय काय झाकून ठेवलंय ते सांगितलं, आणि पट्टा ओलांडून गेली. मागे वळून पाहिलं नाही. तिला वळताना गुडघा दुखतो, त्यामुळे त्यात दुसरं काही नसावं.

मी पट्ट्यावर उभा होतो. तू आलास ते मला दिसलं. सात वर्षांनी पाहिलं. केस मागे गेलेत. बाळ तुझ्याकडे नव्हतं, मागे झाडाखाली वहिनीकडे असावं, निळं काहीतरी दिसत होतं. तुमच्या साहेबाने आईचा कागद घेतला, बोट एका जागी ठेवलं आणि तुला काहीतरी विचारलं. कुठला रकाना रिकामा आहे ते मला माहीत होतं. तू लगेच बोलला नाहीस. आईने तुझ्याकडे पाहिलं नाही, ती तुमच्या नदीकडे बघत उभी राहिली. मग तू बोललास. फार नाही, एकदोन शब्द. वारा तुमच्या बाजूला होता, मला काही ऐकू आलं नाही. साहेबाने लिहिलं.

त्यानंतर तू तिच्या हातातून बॅग घेतलीस. ती आधी सोडेना. तुमचा शिपाई हसला, मालक ओझं उचलतो आणि बाई मोकळी, असं काहीतरी म्हणाला असावा. तू पुढे जायला हवं होतंस, तू मालक. पण ती पुढे चालायला लागली आणि तू बॅग घेऊन मागून गेलास, तिच्या चालीने, ती थांबली की थांबत. झाडापर्यंत मला दिसलं. नंतर मला शिपायाने परत जायला सांगितलं.

तू काय सांगितलंस ते मी आईला आल्यावर विचारणार नाही. तिला ते सांगायचं असेल तर सांगेल.

गोळ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात, पांढरी सकाळी, पिवळी रात्री जेवल्यावर. जिना चढायला लावू नकोस. टोपडं मापाचं नसेल तर गप्प बस. आठ तारखेला चारच्या आत पट्ट्यावर आणून सोड.

हिशोब जोडतोय, कारण तुमच्या कागदाच्या मागे लिहिलंय की मालकाने खर्च आणि पगार चुकवावा लागतो आणि साहेब तपासायला येऊ शकतात.

झालेला खर्च:
अर्जाच्या प्रती, पहिला अर्ज: ३६
दुसरा अर्ज (एक कागद शाईने वाया): १८
आईचे फोटो, चार: ४०
गुडघ्याचा पट्टा: ११०
बूट, सपाट तळाचे: १९५
एकूण: ३९९. हे मी खर्च केले, हे मागत नाही.

माझं देणं:
मालकांना, शाळेच्या पाटीचा पत्रा: २५०. पैकी ७० फेडले, बाकी १८०. हे माझं मी बघतो.

तुझं देणं:
तुमच्या सरकारी दराने घरकामाच्या बाईला दिवसाला ४५, आठ दिवसांचे ३६०. तू साहेबाला 'नाही' सांगितलं असशील तर हे तिच्या हातात दे, आणि पूर्ण दे.
दुसरं काही सांगितलं असशील तर ही ओळ खोड. त्याजागी किती मांडायचे ते मला येत नाही, जागा कोरी सोडलीय: